विस्तव शेवटी

“मावशी, ब्रू करणं याला मराठीत काय म्हणायचं?” भाच्यानं विचारलं तेव्हा मी माठाभोवतीचं फडकं ओलं करत होते. चटकन उत्तर सुचलं नाही. दारू आपण गाळतो, नाहीतर पाडतो. दोन्ही शब्द भट्टीवरचे. खाली विस्तव, वर गार पाण्याचं भांडं आणि मधे थेंब थेंब गोळा होणारी वाफ. बिअरमध्ये यातलं काही नसतं. धान्याच्या गोड पाण्यात यीस्ट सोडायचं आणि वाट बघायची. त्या वाट बघण्याला आपल्याकडे एकच क्रियापद आहे, ते इडलीच्या पिठालाही चालतं आणि जिलबीच्या पिठालाही. आंबवणे. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे मी तिकडं बिअर आंबवतो.” आणि मला एकदम आज्जीचं मडकं आठवलं.

भाचा अमेरिकेत असतो. तिथं घरी बिअर करायला १९७८च्या एका कायद्यानं मोकळीक मिळाली. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली होती. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे ३८० लिटरच्या आसपास, आणि दोन प्रौढांच्या घराला त्याच्या दुप्पट. विकायची मात्र नाही. एवढी तो करत नाही. उन्हाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा, एवढंच. उन्हाळ्यातली हलकी असते, त्या प्रकाराला एल म्हणतात. ती कशी करतात ते त्यानं मला माझ्याच ओट्यापाशी उभं राहून समजावून दिलं, आणि मला ते ऐकायला फार आवडलं, कारण त्यातली निम्मी कामं मला येत होती.

आधी जव भिजवून मोड आणायचे. मोड आले की दाण्याच्या आतच पिठाची साखर करणारी पाचक द्रव्यं तयार होतात. मग ते मोड वाळवून थांबवायचे. आपण नाचणीचं सत्त्व करताना हेच करतो, फरक एवढाच की तो वाळवलेले जव पोत्यात विकत आणतो. ते भरडून सुमारे ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवले की पाणी गोड होतं. गोड पाणी गाळून घ्यायचं, चांगलं उकळायचं, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं टाकायची. मग ते झटकन गार करून यीस्ट घालायचं. हवा १८-२० अंश असावी. त्याहून फार गरम झाली तर चवीला स्पिरिटसारखा झोंबरेपणा येतो. आठ-पंधरा दिवस बुडबुडे, मग बाटल्या, बाटलीत चिमूटभर साखर, म्हणजे फेस येतो. बेल्जियममध्ये एका गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात, हे त्यानं सांगितलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून नीट ऐकलं. धणे!

तो मे महिन्यात आला होता. मे महिन्यातल्या परभणीत १८ अंश ही थट्टा वाटावी अशी गोष्ट आहे. पण त्यानं त्याचीही तयारी करून आणली होती. नॉर्वेतले शेतकरी घरोघरी आपापलं यीस्ट सांभाळत आले, त्याला क्वाइक म्हणतात. लाकडाच्या कड्यावर ते वाळवून टांगून ठेवायचे आणि पुढच्या वेळी ते कडंच गोड पाण्यात बुडवायचे. सासूकडून सुनेकडे विरजण यावं तसं ते पिढ्यान्‌पिढ्या आलं. हे यीस्ट ३५ ते ४० अंशांतही छान काम करतं आणि चव बिघडू देत नाही. त्याचं एक पाकीट भाच्याच्या बॅगेत होतं. त्याला इथल्या ज्वारीची एल करायची होती.

मी नाही म्हणाले. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं त्यात गुन्हा आहे. घरच्यापुरतं, चार बाटल्या, पाहुण्यांसाठी, अशी सवलत त्यात नाही. त्याला नवल वाटलं. मला त्याहून जुनी एक गोष्ट ठाऊक होती, ती मी त्याला सांगितली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं सबंध प्रकरण आहे. गुत्त्यांवर इतकी करडी नजर ठेवणारा तो ग्रंथ गृहस्थाला मात्र घरच्या कार्याला पांढरी सुरा आणि औषधापुरतं अरिष्ट करायची परवानगी देतो. सुरेचं किण्व, म्हणजे तिचं विरजण, निवडायचं आणि जमवायचं काम तो बायका-मुलांकडे देतो. शाळेच्या पुस्तकातला किण्वन हा शब्द त्याच किण्वावरून आला.

पण माझ्या नकारामागे कायद्यापेक्षा दुसरंच काही होतं, आणि ते मी त्याच्यापासून लपवलं नाही. माझं माहेर सेलू तालुक्यातलं, दुधनेकाठचं. आमच्या गल्लीच्या टोकाला हातभट्टी चाले. काळा गूळ आणि नवसागर घालून आंबायला ठेवलेल्या त्या पाण्याला रसायन म्हणतात. छाप्याच्या बातमीत अजूनही ‘इतके लिटर रसायन नष्ट केले’ असं वाचायला मिळतं. त्या रसायनाचा वास पावसाळी संध्याकाळी शाळेपर्यंत यायचा. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका मुलीचे वडील त्या भट्टीनं चाळिशीच्या आत नेले आणि तिची शाळा सातवीत सुटली. मराठवाड्यात दारू या शब्दाला जो काळोख चिकटलेला आहे तो अशा घरांमधून आलेला आहे. त्याच्याही आधी, निजामाच्या काळात, शिंदीच्या अबकारीचा पैसा सरकारच्या तिजोरीत जाई. म्हणून १९४७ साली हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या जंगल सत्याग्रहात लोकांनी शिंदीची झाडं तोडली. झाडावर कुऱ्हाड घालणं हेच राजकारण झालं होतं. अशा मातीत मावशीच्या घरात, पाहुण्यासाठी का होईना, मद्य आंबायला ठेवायचं माझ्या हातून होणार नव्हतं.

तो समजूतदार मुलगा आहे. पाकीट बॅगेत परत गेलं. मी म्हटलं, तुला आंबवायचंच आहे ना? मग आज रात्री ज्वारीचं पीठ भिजवू.

आंबील हा शब्द प्राकृतातून आला. अंबिल म्हणजे आंबट. तेलुगू आणि कानडी घरांत तिला अंबली म्हणतात, आणि एके काळी आमचा जिल्हा, तेलंगण आणि कर्नाटकचा एक भाग एकाच हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे एकाच सुगीत हे सगळे शब्द कानावर पडत. करणं साधं आहे, पण त्यातला क्रम नीट पाहण्यासारखा आहे. रात्री ज्वारीचं जाडसर पीठ ताकात, नाहीतर आदल्या दिवसाच्या आंबट पाण्यात कालवून मडक्यात झाकून ठेवायचं. सकाळी चुलीवर पाणी खळखळ उकळलं की ते आंबलेलं पीठ धार धरून त्यात सोडायचं आणि गुठळी होऊ न देता ढवळत शिजवायचं. खाली उतरवून गार झालं की त्यात ताक, ठेचलेला लसूण, जिरे, मीठ. वर पाणी घालून हवं तेवढं पातळ. सोबत हातानं फोडलेला कांदा. ज्यांच्याकडे दुभतं नव्हतं त्यांची आंबील बिनताकाची असे आणि तिचा आंबटपणा निव्वळ मडक्याचा असे. मला तीच जास्त आवडायची.

भाचा हे सगळं डोळे बारीक करून ऐकत होता. मधेच म्हणाला, “थांब. म्हणजे तुम्ही आधी आंबवता आणि मग शिजवता?”

“हो.”

“आम्ही आधी शिजवतो, मग आंबवतो.”

त्या एका वाक्यात सगळं आलं होतं, आणि इतकी वर्षं आंबील पिऊन ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. बिअरमध्ये विस्तव पहिला. तो धान्यातले रानटी जंतू मारून टाकतो, पाणी मोकळं करून यीस्टच्या स्वाधीन करतो आणि मग बाजूला होतो. पुढे जे काय व्हायचं ते अंधारात, आठवडा-दोन आठवडे, यीस्टच्या मर्जीनं. आंबिलीत विस्तव शेवटी. रात्रभर पिठातले आणि मडक्यातले जंतू मनसोक्त काम करतात आणि सकाळी बाई चूल पेटवून त्यांना थांबवते. पुढं काही व्हायचं उरत नाही. यीस्ट मडक्यातही थोडंफार असतंच. पण मोड न आलेल्या पिठात त्याला खायला साखर कमी, उन्हाळी उष्म्यात दुधाचं दही लावणाऱ्या जातीचे जंतू त्याच्या कितीतरी आधी पुढं धावतात, आणि त्याला सवड मिळायच्या आत पहाट होते. म्हणून आंबील आंबट होते, मादक होत नाही. एकाच वाटेवर दोघं निघतात. आमची आज्जी पहाटे पाच वाजता विस्तव घेऊन त्या वाटेत उभी राहायची.

नंतर त्यानं सांगितलेल्या एका गोष्टीनं मी आणखी चकित झाले. दक्षिण आफ्रिकेत उम्कोंबोथी नावाची बिअर बायका घरी करतात, मक्याचं पीठ आणि मोड आणलेल्या ज्वारीची. ती कशी? पीठ कोमट पाण्यात कालवून रात्रभर आंबू द्यायचं. दुसऱ्या दिवशी त्यातलं थोडं बाजूला काढून बाकीचं शिजवायचं, गार करायचं, आणि मग ते बाजूला काढलेलं आंबट आणि मूठभर मोडाची ज्वारी त्यात घालून पुन्हा झाकून ठेवायचं. त्या दुसऱ्या मुक्कामात ती बिअर होते. म्हणजे पहिला निम्मा प्रवास हुबेहूब आंबिलीचा. सुदानमध्ये ज्वारीची मरीसा आहे, बुर्किना फासोत डोलो आहे. ज्वारी मुळात आफ्रिकेतली. ती समुद्रावरून आपल्याकडे आली आणि मालदांडी होऊन आपल्या काळ्या जमिनीत राहिली. नायजेरियानं १९८८मध्ये परदेशी जवाच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांनाही बिअरसाठी ज्वारीकडेच वळावं लागलं. हे धान्य भाकरीपुरतं नाही, हे आफ्रिकेतल्या बायकांना पूर्वीपासून माहीत आहे.

त्या दिवशी भाच्यानं बॅगेतून थर्मामीटर आणि आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्या काढल्या. दुपारी ओसरीत ४२ अंश होतं. माठातल्या पाण्यात बुडवलं तर २७. त्यानं दोनदा मोजलं. परभणीची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की मातीच्या भांड्यातून झिरपणारं पाणी भराभर उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. आंबिलीचं मडकं आज्जी नेहमी रांजणाच्या पोटाला टेकवून, खाली ओली वाळू आणि भोवती ओलं पोतं, असं का ठेवायची ते तेव्हा कळलं. उघड्यावर ठेवलेलं पीठ एका रात्रीत उतून जातं, वास मारतं. ओल्या वाळूत ते सावकाश, गोडसर आंबतं. पट्टीनं रात्री साडेसहाच्या जवळचा आकडा दाखवला, सकाळी चार. साडेचारच्या खाली गेलं की बहुतेक घातक जंतूंना तिथं वाढता येत नाही, असं त्यानं सांगितलं. आज्जी झाकण बाजूला करून एक श्वास घ्यायची आणि म्हणायची, “आलंय.” नाहीतर, “आजून जरा ऱ्हाऊ द्या.” यापलीकडं तिचं मोजमाप नव्हतं आणि तिची आंबील बिघडल्याचं मला आठवत नाही.

ते मडकं फक्त आंबिलीचं. त्याला राख लागायची नाही, घासणी लागायची नाही. गरम पाण्यानं विसळून उन्हात पालथं घालायचं. मातीच्या भोकाभोकांत त्याचं विरजण राहायचं. नॉर्वेतलं लाकडी कडं आणि आमचं मडकं, दोन्हींचं काम एकच.

आणि इथं मला एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बीची ज्वारी काढायला बायका यायच्या. ज्वारी मुळासकट उपटायची असते, कंबर मोडणारं काम ते. दहाच्या सुमाराला आंबील शेतात जायची. आज्जी सगळ्यांना पोटभर द्यायची, त्यात हात आखडता घ्यायची नाही. पण काही बायकांना ती वरून, ओंजळीत ओतायची. त्यांचं भांडं मडक्याला लागू द्यायची नाही. मी तेव्हा सात-आठ वर्षांची होते आणि मला वाटे की ओंजळीनं पिण्यात जास्त मजा आहे, म्हणून मीही ओंजळ पुढे करायची. मला रागावून बाजूला बसवत. एका वर्षी आमचं मडकं फुटलं. नव्या मडक्यात चार दिवस आंबील धरेना. शेवटी त्याच बायकांपैकी एकीनं तिच्या घरचं आंबट पाणी तांब्यातून आणून दिलं आणि आज्जीनं ते नव्या मडक्यात ओतून घेतलं. पुढं कितीतरी वर्षं आम्ही प्यायलो ती आंबील त्या पाण्याची होती. त्यानंतरही आज्जी त्या बाईला वरूनच वाढत राहिली. मी हे भाच्याला सांगितलं, आणि बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. आज्जीवर माझं फार प्रेम होतं. तरी ते चुकीचं होतं.

हलकी एल म्हणतात ती हलकी का, याचंही उत्तर शेतातच आहे. बेल्जियमच्या वालोनिया भागात सेझाँ नावाची एल आहे. नावाचा अर्थच हंगाम. थंडीत करून ठेवायची आणि उन्हाळ्यात शेतावरच्या हंगामी माणसांना द्यायची. इंग्लंडातही कापणीच्या दिवसांत मजुरांना पातळ बिअर देत. ती हलकी ठेवायची कारण पिऊन पुन्हा विळा हातात घ्यायचा असे. आज ती शहरातल्या निवांत संध्याकाळचं पेय झाली आहे, पण जन्मली घामासाठी. आंबीलही तशीच. उन्हात पाणी नुसतं प्यायलं तर पोटात डचमळतं. आंबिलीत पाणी आहे, मीठ आहे, पिठाचा आधार आहे. ती पिऊन उठता येतं. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला शेतात कोपी करून आंबिलीचा नैवेद्य दाखवतात, पाहुण्यांना बोलावून पाजतात. तिथं ती सणाची. आमच्याकडं ती रोजची होती, म्हणून तिचं कुणाला कौतुक नव्हतं आणि गेली तेव्हा कुणाला कळलं नाही.

ती गेली कारण ज्वारी मागं सरली. खरिपात सोयाबीन आलं, कापूस होताच. नगदी पिकाला मी नावं ठेवणार नाही. मुलांच्या फिया त्यावर भरल्या जातात. पण खरिपाची ज्वारी शेतातून उठली आणि तिच्याबरोबर कडबा उठला, कडब्याबरोबर गोठ्यातलं दुभतं उठलं, दुभत्याबरोबर ताक. आंबील या सगळ्यांच्या बेरजेत होती. दुपारी किराणा दुकानातून थंड बाटली आणणं सोपं झालं. गंमत अशी नाही, दुःख असं आहे की ज्वारीवर सगळ्यात मन लावून काम झालं ते इथंच. १९७२मध्ये परभणीत कृषी विद्यापीठ उभं राहिलं, आज त्याला वसंतराव नाईक यांचं नाव आहे. परभणी मोती हे मोत्यासारख्या टपोऱ्या दाण्याचं वाण तिथलं. परभणी शक्ती हे लोह आणि जस्त जास्त असलेलं वाण तिथल्याच शास्त्रज्ञांनी हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर काढलं, २०१८मध्ये ते प्रसारित झालं. २०२३ हे जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं आणि शहरांत ज्वारीचे नूडल्स, ज्वारीची बिस्किटं मिळायला लागली. लग्नाच्या पंगतीत अजून मी आंबील पाहिलेली नाही. वैशाखातल्या लग्नात, दुपारच्या मुहूर्ताला, मांडवाच्या दाराशी गार आंबिलीचा एक रांजण ठेवला तर सरबताची रंगीत पिंपं कुणाला आठवणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

सकाळी सहा वाजता आम्ही झाकण काढलं. वर बारीक बुडबुडे आले होते; भाच्याचा चेहरा एकदम खुलला, त्याला ते ओळखीचे होते. वास ताकाचा, थोडा ओल्या मातीचा, मागं कुठंतरी कच्च्या फळाचा. मी पाणी उकळायला ठेवलं. धार धरायचं काम त्यानं केलं आणि ढवळता ढवळता विचारलं, “आता आपण ह्यातलं सगळं मारतोय ना?” मी म्हटलं, हो, म्हणून तर एक वाटी आधी बाजूला काढून ठेवली. त्यानं ती ओट्याच्या कोपऱ्यात पाहिली. गार झाल्यावर दोन मोठे पेले प्यायला, कांदा खाल्ला, आणि त्या दिवशी दुपारी बाहेर जाऊन आला तरी डोकं दुखलं नाही म्हणाला.

तो जाऊन आता वर्ष झालं. क्वाइकचं पाकीट तो तसंच परत घेऊन गेला. त्याच्या तिकडच्या फ्रीजमध्ये आता बिअरच्या बाटल्यांशेजारी आंबट पाण्याची एक बरणीही असते. हवा थंड, म्हणून त्याला दोन रात्री लागतात.

तुमच्या घरात ज्वारीचं पीठ असेल तर या उन्हाळ्यात एकदा करून बघा. एक वाटी जाडसर पीठ, दोन वाट्या पाणी आणि दोन चमचे आंबट ताक. मडकं असेल तर मडकं, नसेल तर काचेची बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून. पहिल्या रात्री नीट आंबणार नाही. निराश होऊ नका, त्यातच पुन्हा पीठ घाला. तिसऱ्या सकाळी वास बदललेला असेल. चूल पेटवण्याआधी त्यातली एक वाटी स्वतःसाठी काढून ठेवा आणि एक वाटी शेजारच्या घरी द्या, त्यांच्याच भांड्यात, हातात.